न झालेली लढाई कशी लढवावी : ‘किंगडम’मधल्या सेनापतींवर वाद घालण्याची रीत

‘किंगडम’ वाचणारे दोघं एकत्र बसले की ‘ओ की आणि ओ सेन समोरासमोर आले असते तर?’ हा प्रश्न निघतोच. यासुहिसा हारा यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 2006 पासून जपानच्या ‘वीकली यंग जंप’मध्ये चालू आहे. तिचे सत्तरहून जास्त खंड निघाले आहेत आणि 2013 मध्ये तिला तेझुका ओसामू सांस्कृतिक पुरस्कार मिळाला. चीनमधल्या सात राज्यांच्या झुंजीचा काळ, इ.स.पू. 221 मध्ये छिन राज्याने सगळा मुलूख एक केला त्याच्या आधीची काही दशकं, हा तिचा पट. त्यावर सेनापती इतके आहेत की त्यातल्या बहुतेकांची एकमेकांशी गाठ पडलीच नाही. कुणी आधीच्या पिढीतला, कुणी एकाच राज्याचा, कुणी वेळेआधी गेला. म्हणून या लढाया आपल्यालाच लढवाव्या लागतात.

पण यातले बहुतेक वाद दहा मिनिटांत ‘माझा भारी की तुझा भारी’वर येऊन थांबतात. माझं स्पष्ट मत असं आहे की त्यात वाचकांचा दोष कमी, प्रश्नाचा जास्त. ‘रेन पा विरुद्ध ओ सेन’ ही फक्त दोन नावं झाली. सेनापती हा धान्य, जमीन, दिवस आणि पाठीमागचा राजा यांच्यासकट सेनापती असतो. ते सगळं ठरवून घेतलं की हाच वाद तासन्‌तास चालतो आणि प्रत्येक जण जुने खंड पुन्हा काढून वाचतो. तो कसा चालवायचा ते पुढे सांगतो. फेई इथल्या लढाईपर्यंतच्या घटना यात उघड होतील, तेव्हा तिथवर न पोहोचलेल्यांनी आधी मांगा वाचावी.

पहिली पायरी : माणूस कोणता, ते ठरवा

मांगातली नावं जपानी उच्चाराची आहेत, इतिहासात शोधायचं तर चिनी उच्चार लागतो. ओ सेन म्हणजे वांग ज्यान, री बोकू म्हणजे ली मू, रेन पा म्हणजे ल्यान पो, कान की म्हणजे ह्वान यी, हाकू की म्हणजे बाय ची, आणि आपला नायक शिन म्हणजे ली शिन. ही जोडी आधी जुळवून ठेवा, नाहीतर दोघं दोन वेगळ्या माणसांबद्दल भांडत बसतात.

मग ठरवायचं की मांगातला माणूस घ्यायचा की इतिहासातला. हे दोन वेगळे आहेत, आणि फरक लहान नाही. ओ की घ्या. मांगात त्याचा मृत्यू हा सगळ्या कथेचा कणा आहे. त्याच्या हातचं शस्त्र शिनकडे जातं, त्याची फौज ‘तो’ नावाच्या त्याच्या उपसेनापतीच्या हाताखाली जाते. सिमा च्यान या इतिहासकाराने छिनच्या नोंदींत इ.स.पू. 244 या वर्षाखाली त्याच्याबद्दल फक्त तीन अक्षरं लिहिली आहेत, ‘वांग ची वारला’ एवढ्या अर्थाची. म्हणजे ओ कीबद्दलचा वाद हा पूर्णपणे हारांनी रंगवलेल्या माणसाबद्दलचा वाद आहे. त्यात इतिहासाचा दाखला देता येत नाही.

उलट री बोकूबद्दल इतिहास भरभरून बोलतो. चाओ राज्याच्या उत्तर सीमेवर त्याने कित्येक वर्षं श्योंग्नू टोळ्यांशी लढाई टाळली, शिपायांना रोज मांस खाऊ घातलं, त्यांना घोडेस्वारी आणि तिरंदाजी शिकवली. लोक त्याला भित्रा म्हणाले, राजाने एकदा काढूनही टाकलं. मग योग्य वेळ येताच 1,300 रथ, 13,000 घोडदळ, 50,000 निवडक योद्धे आणि 1,00,000 तिरंदाज उभे केले, थोडी माघार घेऊन शत्रूला आत ओढलं, दोन्ही बगलांनी घेरलं, आणि एक लाखावर श्योंग्नू स्वार मारल्याची नोंद आहे. मांगातल्या री बोकूचा सगळा स्वभाव या एका उताऱ्यातून उगवलेला दिसतो.

हारा स्वतःही जर-तर खेळतात, हे इथे सांगायलाच हवं. मांगातल्या सानयो मोहिमेत म्हातारा रेन पा वेई राज्याच्या बाजूने छिनच्या मो गोशी लढतो. इतिहासात रेन पा इ.स.पू. 245 च्या सुमाराला चाओ सोडून वेईला गेला खरा, पण वेईने त्याच्यावर विश्वास टाकला नाही, त्याला वापरलंच नाही. आणि मो गोने (म्हणजे मंग आओने) इ.स.पू. 242 मध्ये वेईची वीस शहरं घेतली, तेव्हा समोर रेन पा नव्हता. ‘असता तर?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून लेखकाने काही खंड लिहिले. आपण करतोय तेच काम आहे हे, फक्त त्यांनी ते फार मेहनतीने केलंय.

वयही ठरवा. चांगपिंगच्या लढाईआधीचा (इ.स.पू. 260) रेन पा आणि सानयोचा रेन पा एक नव्हे. शिनच्या बाबतीत तर खंड क्रमांक सांगितल्याशिवाय बोलूच नये.

दुसरी पायरी : प्रश्न पूर्ण लिहा

वाद सुरू होण्यापूर्वी एका कागदावर पाच गोष्टी लिहायच्या: दोन्हीकडचं सैन्य किती आणि कुठल्या राज्याचं, जमीन कशी, धान्य किती दिवसांचं, कोण काय मिळवायला आलंय, आणि सरदार-उपसेनापती कोण बरोबर आहेत.

यातली ‘कोण काय मिळवायला आलंय’ ही ओळ लोक हमखास गाळतात आणि तिथेच वाद नासतो. सानयोमध्ये कोण जिंकलं? रेन पाने मो गोचा हात तोडला. समोरासमोरच्या झुंजीत म्हणाल तर तोच वरचढ होता. पण तेवढ्यात कान कीने वेईच्या मुख्य तळात घुसून सरसेनापती हाकू की साईचं डोकं उडवलं होतं, गेन पो आणि रिन को हे रेन पाचे दोन मोहरे पडले होते, आणि सानयो छिनला मिळालं. मो गो शहर घ्यायला आला होता, त्याने ते घेतलं. ‘जिंकणं’ची व्याख्या आधी लिहिली नसेल तर या एका लढाईवर दोघंही आपणच बरोबर म्हणू शकतात.

सैन्याच्या आकड्याचं महत्त्व पटवायला इतिहासातला एक प्रसंग पुरेसा आहे. छू राज्य जिंकायला किती फौज लागेल, असं राजाने विचारलं. तरुण ली शिन म्हणाला, दोन लाख पुरे. म्हातारा वांग ज्यान म्हणाला, सहा लाखांशिवाय जमणार नाही. राजाला तरुणाचं उत्तर आवडलं. इ.स.पू. 225 मध्ये ली शिन गेला, सुरुवातीला जिंकलाही, मग छूच्या फौजेने तीन दिवस तीन रात्री न थांबता त्याचा पाठलाग केला, दोन तळ फोडले आणि सात अधिकारी मारले. राजा स्वतः वांग ज्यानकडे माफी मागायला गेला, सहा लाख दिले, आणि इ.स.पू. 223 मध्ये छूचा राजा पकडला गेला. आता सांगा, ‘ली शिन विरुद्ध छू’ या प्रश्नाचं एकच उत्तर कसं असेल?

तिसरी पायरी : पुरावा जमवा, आणि त्याला वजन द्या

सगळे पुरावे सारखे नसतात. मी स्वतः जो क्रम लावतो तो असा: सर्वांत वर, पानावर घडलेली लढाई, तीही निर्णय कुणी घेतला ते स्पष्ट दिसत असेल तर. त्याखाली निवेदकाचं वाक्य. त्याखाली शत्रूने केलेली स्तुती. त्याखाली स्वतःच्या माणसांनी केलेली स्तुती. आणि अगदी तळाला अधिकृत मार्गदर्शिकेतले बुद्धी, बळ, नेतृत्व वगैरेंचे आकडे. आकडे पाहायला मजेदार असतात, पण ते विशिष्ट वेळचे असतात. ‘माझ्या सेनापतीचं नेतृत्व दोन गुणांनी जास्त’ असं म्हणून चाल संपवता येत नाही.

शत्रूची स्तुती मी वर ठेवतो, कारण तिची त्याला किंमत मोजावी लागते. रेन पासारखा माणूस ओ सेनला पाहून सावध होतो, ही मोठी साक्ष आहे. एखादा शिपाई आपल्या सेनापतीला ‘अजिंक्य’ म्हणतो, त्यात साक्ष काहीच नाही.

साखळीचा पुरावा मात्र बाजूलाच ठेवा. ‘क ने ख ला मारलं, ख ने ग ला हरवलं, म्हणून क हा ग पेक्षा मोठा’ हे युद्धात चालत नाही. चाओच्या होकेनने ओ कीला मारलं, तेवढ्यावरून होकेन ओ कीपेक्षा मोठा सेनापती ठरतो का? बायोच्या रणांगणावर द्वंद्व ओ कीच्या बाजूने झुकलं असताना चाओच्याच गि काचा बाण त्याच्या पाठीत बसला. आणि ओ कीला खरं हरवलं ते री बोकूने, द्वंद्वाच्या कितीतरी आधी: आपल्या नव्या फौजेची खबर छिनपर्यंत पोहोचूच न देऊन. मारणारा, हरवणारा आणि जिंकणारा हे तीन वेगळे लोक असू शकतात. छिनच्या मो बूसारखा सेनापती बायोत री बोकूच्या सापळ्यात अलगद शिरतो आणि पुढे छिनविरुद्धच्या संयुक्त फौजेच्या लढाईत छूच्या कान मेईला समोरासमोर ठार करतो. दोन्ही खरं आहे. म्हणून ‘मो बू मोठा की लहान’ हे विचारण्यापेक्षा ‘समोर सापळा लावणारा आहे की छाती पुढे करणारा’ हे विचारा.

चौथी पायरी : ‘चांगला सेनापती’ हा शब्द फोडा

चाहते सहसा दोन पेट्या करतात: उपजत जाणिवेवर लढणारे आणि डावपेच आखून लढणारे. ही विभागणी मांगातलीच आहे आणि उपयोगीही आहे. छिनचा सेनापती ड्यूक ह्यो ‘आगीचा वास’ घेत लढतो, शिन त्याच वळणाचा; री बोकू आणि ओ सेन दुसऱ्या वळणाचे. पण वादासाठी एवढं पुरत नाही.

मी पाच प्रश्न विचारतो. स्वतःच्या हाताने किती लढतो? पुढच्या घटकाभरात रणांगणावर काय फुटणार आहे हे त्याला किती दिसतं? महिन्याभराची मोहीम आखू शकतो का? त्याच्याशिवाय त्याचे सरदार किती चालतात? आणि तो हरत असताना काय करतो?

शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण जिंकताना सगळे सेनापती सारखेच हुशार दिसतात. कान कीचं पाहा. त्याचं सगळं बळ समोरच्याला किळस, भीती, गोंधळ यांनी वेडंपिसं करण्यात आहे. समोरचा शांत राहिला तर? फेई इथे री बोकू शांत राहिला, आणि कान कीचा शेवट झाला. इतिहासातही ह्वान यीने इ.स.पू. 234 मध्ये पिंगयांगला चाओची एक लाख मुंडकी घेतल्याची नोंद आहे आणि पुढच्याच वर्षी फेईला ली मूने त्याला धूळ चारली. हारांनी त्या दोन नोंदींमधला माणूस शोधला. कान कीला कुठल्याही काल्पनिक लढाईत उतरवताना पहिला प्रश्न हाच असायला हवा की समोरचा चिडेल का.

पाचवी पायरी : पोट मोजा

मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. 1761 च्या जानेवारीत पानिपतावर भाऊसाहेबांची छावणी रसद तुटून उपाशी पडली होती आणि म्हणून बाहेर पडून लढणं भाग पडलं, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. सात राज्यांच्या काळातही तोच नियम. चांगपिंगला इ.स.पू. 260 मध्ये चाओच्या फौजेची कोंडी झाल्यावर 46 दिवस त्यांना धान्य नव्हतं. माणसं एकमेकांना खाऊ लागली, मग सेनापती चाओ क्वोने बाहेर पडून शेवटचा प्रयत्न केला आणि तो मारला गेला. त्यानंतर शरण आलेल्यांसकट चार लाखांवर माणसं मारली गेली, असं सिमा च्यान लिहितो. ती कोंडी पक्की करायला छिनचा राजा जातीने हनेई प्रांतात गेला होता, पंधरा वर्षांवरच्या सगळ्यांना उचलून त्याने चाओची कुमक आणि रसद अडवायला पाठवलं होतं. छिनचा सेनापती हाकू की याच्या डावाइतकंच हे राज्ययंत्रणेचं काम होतं.

मांगात याचा सर्वांत सुंदर वापर चाओच्या ग्यो शहराच्या मोहिमेत आहे. ओ सेन लहान लहान गावं घेतो, तिथली प्रजा मारत नाही, तिला ग्योकडे पिटाळतो. शहरात तोंडं वाढतात. त्या गर्दीत मिसळलेली त्याची माणसं मग कोठारं पेटवतात. तलवार न उपसता वेढ्याचं घड्याळ त्याने पळवलं. पण त्याच वेळी त्याच्या स्वतःच्या फौजेचीही रसद तुटलेली आहे, आणि शुकाईच्या मैदानावर री बोकू समोर उभा आहे. दोन भुका एकमेकींवर लावलेली ही पैज ज्याने नीट वाचली, त्याला न झालेली लढाई कशी मांडायची हे अर्धं कळलं.

कागदावर दोन्ही बाजूंचे दिवस लिहा. चाळीस दिवसांचं धान्य असलेला सेनापती एकोणचाळिसाव्या दिवशी कसा वागेल, हा प्रश्न ‘कुणाचा भाला जड’ यापेक्षा कितीतरी जास्त सांगून जातो.

सहावी पायरी : पाठीमागे राजा कोण?

हा भाग बहुतेक वादांत येतच नाही, आणि माझ्या मते अर्धे निकाल इथेच लागतात.

चांगपिंगला रेन पाने तटबंदी करून बसून राहायचं ठरवलं. छिन आव्हान देत राहिलं, तो बाहेर आला नाही. चाओच्या राजाला हे पटेना, त्याने वारंवार कानउघाडणी केली. मग छिनने पैसा पेरून अफवा सोडली की आम्हाला भीती आहे ती फक्त चाओ क्वोची. राजाने रेन पाला काढलं, चाओ क्वोला नेमलं. हा चाओ क्वो लहानपणापासून युद्धशास्त्रावर इतका बोलायचा की त्याचा बाप चाओ शा, स्वतः मोठा सेनापती, वादात त्याला हरवू शकत नसे. तरीही बाप म्हणायचा की युद्ध ही मरणाची जागा आहे आणि हा पोरगा त्याबद्दल सहज बोलतो. आईने राजाकडे जाऊन सांगितलं, याला नेमू नका. राजाने ऐकलं नाही.

हाकू की चांगपिंग जिंकला आणि इ.स.पू. 257 मध्ये त्याच्याच राजाने त्याला आत्महत्या करायला लावली. री बोकूला त्याच्याच राजाने मारलं. वांग ज्यान मात्र सहा लाख फौज घेऊन निघाला तेव्हा वाटेतून पाच वेळा निरोप पाठवून राजाकडे चांगल्या जमिनी मागत राहिला. लोकांनी विचारलं, एवढी हाव कशाला? तो म्हणाला, राजा संशयी आहे, सगळी फौज माझ्या हातात दिलीय. मी पोराबाळांसाठी जमीन मागितली नाही तर तो माझ्याबद्दल काय विचार करेल? मोहिमेच्या यादीत ही चाल कुठे लिहायची? मी ती डावपेचांतच लिहितो.

म्हणून कागदावर एक ओळ हवीच: ‘राजा किती दिवस थांबेल?’ एखाद्याला फक्त रणांगण हवं असेल, दरबार नको, तर तसं स्पष्ट लिहा. तोही चांगला खेळ आहे, फक्त वेगळा.

सातवी पायरी : पंच नेमा, चाली लपवा

दोघांपेक्षा तिघं बरे. एक जण एका सेनापतीच्या बाजूने, दुसरा दुसऱ्याच्या, तिसरा पंच. प्रशियाच्या सैन्यात 1824 पासून नकाशावरचा युद्धाचा खेळ अधिकाऱ्यांना शिकवला जायचा, त्यात पंचाची जागा मध्यवर्ती होती: दोन्ही बाजू आपल्या आज्ञा पंचाला देत आणि प्रत्येकाला शत्रूचं फक्त तेवढंच कळे, जेवढं प्रत्यक्षात दिसलं असतं. हेच आपल्यालाही करता येतं. दोघांनी आपापली चाल पंचाला खासगी निरोपात पाठवायची, पंचाने एकत्र करून ‘तिसऱ्या दिवशी काय दिसलं’ ते सांगायचं. बायोसारखा धक्का उघड्या चर्चेत कधीच बसत नाही, कारण तिथे दोघांनाही सगळं माहीत असतं.

टप्पे तीन पुरतात: मैदानावर येईपर्यंतचा प्रवास, पहिली भिडंत, आणि फळी फुटल्यानंतर. प्रत्येक टप्प्यात चाल मांडणाऱ्याने मांगातला किंवा इतिहासातला एक तरी प्रसंग दाखवायचा, ज्यात त्या सेनापतीने तशाच प्रकारचं काही केलंय. ‘तो हुशार आहे, काहीतरी करेल’ ही चाल पंचाने धरू नये. आणि एक कडक नियम: विरोधकाच्या सेनापतीला मूर्ख करून जिंकायचं नाही. त्याची सर्वांत चांगली चाल तुम्हीच बोलून दाखवा, मग तिला उत्तर द्या.

निकाल दहांपैकी आकड्यात लिहा. ‘ओ सेन जिंकतो’ याऐवजी ‘दहांपैकी सहा वेळा ओ सेन’. त्यामुळे मन मोकळं होतं. समोरच्याचं एखादं म्हणणं पटलं तर साताचे सहा करता येतात, तोंडघशी पडल्यासारखं वाटत नाही.

एक लढाई पूर्ण करून पाहू : रेन पा विरुद्ध ओ सेन

सानयोला हे दोघं एका मैदानावर होते, पण त्यांची लढाई झाली नाही. ओ सेनने आधी रेन पाच्या चार सरदारांपैकी क्यो एन याला दरीत गाठून मोडलं. रेन पा स्वतः आला तेव्हा ओ सेन मागे सरला आणि डोंगरात आधीच बांधून ठेवलेल्या किल्ल्यात शिरला. रेन पाने त्या भिंतीवर फौज वाया घालवली नाही. तो मो गोच्या तळाकडे वळला. या एका प्रसंगात दोघांची ओळख आहे. ओ सेनला हमखास जिंकायच्या लढाईतच रस आहे. रेन पाला समोरचा काय करणार ते दिसतं आणि जिथे भिंत आहे तिथे तो डोकं आपटत नाही.

आता कागद भरू. मांगातला, चांगपिंगच्या आधीचा रेन पा, चारही सरदारांसह, चाओचे एक लाख. ओ सेन, स्वतःचे सरदार आणि छिनचे एक लाख. जमीन: डोंगररांगेतून बाहेर पडणारी एक वाट, पुढे मैदान, मैदानाच्या टोकाला रेन पाच्या पाठीशी तटबंदीचं शहर. ओ सेनला ते शहर हवंय. दोघांकडे साठ दिवसांचं धान्य. दरबार बाजूला ठेवलाय.

ओ सेनची पहिली चाल ग्योची असेल: आसपासची गावं पिटाळून शहर भरायचं. पण ग्योला शहराबाहेर फौज घेऊन उभा सेनापती सुरुवातीला नव्हता. इथे रेन पा आहे. लोंढे शहराच्या दारात पोहोचण्यापूर्वी तो ते अडवू शकतो, किंवा गावं आधीच रिकामी करवून धान्य आत ओढू शकतो. चांगपिंगचा रेन पा जागा धरून बसणारा आहे, तेव्हा तो एवढं बघणारच. पहिला टप्पा मी बरोबरीत सोडतो.

दुसऱ्या टप्प्यात ओ सेन डोंगराच्या तोंडाशी तटबंदी करून थांबेल. रेन पाही थांबेल. हे दोघं वाट पाहण्यात पारंगत आहेत, आणि इथे वादाचा खरा रंग चढतो. इतिहासातला वांग ज्यान छूसमोर असाच थांबला होता. शिपायांना आंघोळी, चांगलं जेवण, मग ते दगडफेकीच्या आणि उड्यांच्या शर्यती लावायला लागल्याचं कळल्यावर तो म्हणाला, आता हे लढायला तयार आहेत. छूची फौज कंटाळून पूर्वेकडे वळली आणि त्याने पाठीवर घाव घातला. पण छूला वळावं लागलं. इथे रेन पाला कुठेच वळायचं नाही, तो आपल्या शहरापुढे बसलाय. साठ दिवसांचं घड्याळ ओ सेनवर धावतंय. चाळिसाव्या दिवसानंतर त्याला काहीतरी करावं लागेल किंवा परत जावं लागेल, आणि माझ्या वाचनातला ओ सेन परत जाईल.

मात्र तो परत जाताना रेन पा काय करेल? क्यो एन पाठलागाचा आग्रह धरेल की सावध करेल? सानयोची दरी आठवा: ओ सेनची माघार ही बऱ्याचदा दारच असते. रेन पा गेलाच तर स्वतः जाईल, आणि रिन कोला पुढे सोडण्याचा मोह त्याने आवरला पाहिजे. तो आवरेल असं मी धरतो. या अटींवर माझा निकाल: दहांपैकी सात वेळा शहर रेन पाकडे राहतं, त्यातल्या बहुतेक वेळा मोठी लढाई होतच नाही.

आता एकच अट बदला. दरबार आत आणा. रेन पाच्या मागे चांगपिंगचा राजा, ओ सेनच्या मागे छिनचा राजा एइ सेई. चाळीस दिवस बसून राहणाऱ्या रेन पाला राजधानीतून रोज टोचणारी पत्रं येतील. मांगातल्या ओ सेनवरही राजा व्हायची इच्छा बाळगतो असा संशय आहे, पण मोहिमेच्या मध्यावर त्याला कुणी काढत नाही. दिवस वाढवून दोनशे केले तर मी निकाल उलटवतो: दहांपैकी सात ओ सेनला, आणि त्या सातांतल्या चारांत तरी रेन पा रणांगणावर हरलेलाच नसेल, त्याच्या जागी दुसरा कुणी आलेला असेल.

उलटी बाजूही खेळून पाहा: रेन पा हल्लेखोर, ओ सेन किल्ल्यात. मला ही सर्वांत अवघड वाटते. निकाल जवळजवळ बरोबरीचा वाटतो. इथे तुमचं मत वेगळं असेल तर मला आनंदच आहे, कारण रेन पाची जाणीव आणि अनुभव यांची सरमिसळ मांगात इतरत्र फारशी दिसतच नाही आणि तिला वेढ्यात किती वजन द्यायचं यावर दोन प्रामाणिक वाचक सहज वेगळे होतील.

सुरुवात कुठून करावी

नव्यांनी दंतकथेतल्या जोड्या, हाकू की विरुद्ध कुणीही, आधी घेऊ नयेत. हाकू कीचा पुरावा मांगात बहुतेक इतरांच्या तोंडून येतो, त्यामुळे वाद स्तुतीवर चालतो. त्यापेक्षा मो बू विरुद्ध कान की घ्या: दोघांच्याही लढाया पानावर भरपूर आहेत, स्वभाव टोकाचे वेगळे आहेत, आणि ‘मो बू चिडेल का’ या प्रश्नावर संध्याकाळ निघते.

त्यानंतर इतिहासातली अर्धवट राहिलेली जोडी घ्या. इ.स.पू. 229 मध्ये वांग ज्यान चाओवर चालून गेला आणि ली मू त्याच्यासमोर उभा ठाकला. छिनने ली मूला हरवलं नाही. चाओच्या राजाचा लाडका मंत्री क्वो काय याला सोनं दिलं. ली मूवर फितुरीचा आळ आला, तो मारला गेला, आणि तीन महिन्यांत चाओची फौज मोडली. प्रश्न असा लिहा: क्वो कायने सोनं नाकारलं असतं तर? आणि पहिल्या चालीआधी पंचाने दोन्ही बाजूंना एवढं वाचून दाखवावं: इ.स.पू. 231 मध्ये चाओच्या उत्तरेकडच्या दाय प्रांतात मोठा भूकंप झाला होता, आणि 230 मध्ये सगळ्या चाओत दुष्काळ होता. ली मूच्या बाजूने बसणाऱ्याने आधी सांगायचं, त्याच्या फौजेकडे किती दिवसांचं धान्य आहे.